‘डॉग’ ठरलेला वडाभात : मेनू इंजिनिअरिंग भंडाऱ्यातून वाचताना

फूड अँड बेव्हरेज मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. करतेय असं सांगितलं की पवनीकडे हमखास एक प्रश्न येतो : "काऊन बाई, सैपाकाची बी पीएचडी रायते का?" रायते. फक्त त्यात सैपाक कमी आणि हिशेब जास्त असतो. आज त्या हिशेबातल्या एका लाडक्या तंत्राबद्दल लिहायचंय. ते हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षांत शिकवतात, परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो, आणि माझ्या मते ते आपल्याकडच्या खानावळींचा हिशेब एका ठराविक जागी चुकवतं. त्याचं नाव मेनू इंजिनिअरिंग.

आधी ते काय आहे ते सरळ सांगते. १९८२ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी या नावाचं पुस्तक काढलं. कल्पना उसनी होती. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपनं १९७० च्या सुमारास कंपन्यांच्या वेगवेगळ्या धंद्यांसाठी चार खणांची एक चौकट काढली होती, तीच या दोघांनी मेनूकार्डावर ठेवली. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे. किती खपतो? आणि एका प्लेटमागे किती पैसे सोडतो? पैसे सोडतो म्हणजे विक्रीची किंमत वजा कच्च्या मालाचा खर्च, ज्याला कॉन्ट्रिब्यूशन मार्जिन म्हणतात. दोन्हीकडे वरचढ तो स्टार. खपतो पण पैसे कमी सोडतो तो प्लाऊहॉर्स, म्हणजे नांगराचा घोडा (आमच्याकडे नांगराला बैल नाहीतर हल्या असतो, पण ते असो). पैसे सोडतो पण खपत नाही तो पझल. दोन्हीकडे मागे तो डॉग, आणि डॉगला शक्यतो मेनूतून काढायचं.

खपाची रेषा कुठे आखायची यालाही नियम आहे. मेनूत पाच पदार्थ असतील तर प्रत्येकाचा सारखा वाटा २० टक्के होतो. त्याच्या ७० टक्के म्हणजे १४ टक्के. तेवढा खप असला तर पदार्थ लोकप्रिय. पैशाची रेषा म्हणजे सगळ्या विकलेल्या प्लेटांची मिळून मार्जिनची सरासरी. झालं, एवढंच. कॅल्क्युलेटर घेऊन अर्ध्या तासात होतं, म्हणून विद्यार्थ्यांना आवडतं. खरं सांगायचं तर मलाही आवडलं होतं.

आता हे भंडारा-साकोली रस्त्यावरच्या एखाद्या घरगुती खानावळीला लावून बघू. पुढचे आकडे उदाहरणासाठी मी धरलेत, कुठल्या एका खानावळीचे नाहीत. महिन्याला १,००० प्लेटा जातात असं समजा.

साधी थाळी १०० रुपयांना, माल ४५ रुपयांचा, सुटतात ५५, खप ४२०. चिकन रस्सा-भात १८० ला, माल ९५, सुटतात ८५, खप २८०. पाटोडी रस्सा १२० ला, माल ४०, सुटतात ८०, खप ११०. तलावातल्या मासोळीचा रस्सा-भात २०० ला, माल १२०, सुटतात ८०, खप १००. वडाभात ९० ला, माल ३५, सुटतात ५५, खप ९०.

एकूण सुटतात ६८,६५० रुपये, म्हणजे प्लेटमागे सरासरी ६८.६५. खपाची रेषा १४० प्लेटांची. चौकट निकाल देते : चिकन स्टार, थाळी नांगराचा घोडा, पाटोडी आणि मासोळी पझल, वडाभात डॉग.

तंत्राचं कौतुक आधी करते, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. त्याआधी हॉटेलवाले सगळं फूड कॉस्टच्या टक्क्यांवर तोलायचे. टक्क्यांनी बघितलं तर वरच्या यादीत मासोळी सगळ्यात वाईट ठरते, कारण विक्रीतले ६० टक्के मालातच जातात. पाटोडीचे फक्त ३३ टक्के जातात. पण गल्ल्यात दोघींचे ८०-८० रुपयेच पडतात, आणि दुकानाचं भाडं टक्क्यांनी नाही, रुपयांनी द्यावं लागतं. कासावाना-स्मिथनी हा मुद्दा लोकांच्या गळी उतरवला. महाग मालाच्या पदार्थाला उगाच बदनाम करू नका, हे त्यांचं म्हणणं आजही बरोबर आहे.

मग खटकतं कुठे?

वडाभात काढून टाका. मिश्र डाळी भिजवून, भरड वाटून तळलेले वडे, ते गरम भातावर कुस्करायचे आणि वर फोडणीचं तेल. हे ९० जण महिन्याला खात होते, ते आता येत नाहीत असं धरू. उरल्या ९१० प्लेटा, चार पदार्थ. खपाची रेषा आता १७.५ टक्क्यांवर जाते, म्हणजे जवळपास १५९ प्लेटा. मार्जिनची सरासरी बरोबर ७० होते. पाटोडीची एकही प्लेट कमी झाली नाही, तरी ती लोकप्रियतेपासून ३० ऐवजी ४९ प्लेटा लांब गेली. थाळीचे ५५ रुपये तेच आहेत, तरी सरासरीपासूनचं अंतर वाढलं. आणि खानावळीचं एकूण? ४,९५० रुपयांनी कमी झालं. चौकटीत सगळं सरासरीशी तोलायचं असल्यामुळे कोणीतरी सरासरीखाली असणारच. वर्गातल्या सगळ्यांनी अभ्यास वाढवला तरी काही जण ‘सरासरीपेक्षा कमी’ राहतातच, तसं. त्याला पदार्थाचा दोष समजायचं कारण नाही.

शिवाय माणसं एकेकटी जेवायला येत नाहीत. पाचांच्या घोळक्यात एक म्हातारा वडाभातावर अडून बसला, म्हणून बाकीचे चार तिथे येऊन चिकन खातात. चौकटीत चिकन स्टार आणि वडाभात डॉग. कोणी कोणाला घेऊन आलं ही माहिती बिलात नसते, आणि बिलात जे नाही ते या तंत्राला दिसत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तो मजुरीचा.

कॉन्ट्रिब्यूशन मार्जिनमध्ये फक्त माल वजा होतो. राबणं वजा होत नाही. याला मूळ तंत्रात कारण आहे आणि ते मूर्खपणाचं नाही : मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी पगारी असतात, आज त्यांनी सूप केलं काय आणि पाटोडी केली काय, महिन्याचा पगार तोच. म्हणून एका प्लेटच्या निर्णयात पगार मोजण्याची गरज नाही. मिशिगनमध्ये हे चालतं. ताजमध्येही चालत असेल. पण आपल्या रस्त्यावरच्या खानावळीत किंवा बचत गटाच्या उपाहारगृहात पगारी स्वयंपाकी नसतो. घरातल्या दोन बाया असतात. पाटोडी वाढली की पगार वाढत नाही, त्यांचं उठणं पाच वरून चारवर येतं. ‘स्थिर खर्च’ म्हणून पुस्तक जे बाजूला ठेवतं तो इथे त्यांचा झोपेचा तास असतो.

आता तो मोजून बघू. मजुरी मिनिटाला एक रुपया धरू, म्हणजे आठ तासांना ४८० रुपये. थाळीचं काम मोठ्या भांड्यात होतं, प्लेटमागे ४ मिनिटं. चिकन ५. मासोळी साफ करण्यासकट १०. वडाभात ८. पाटोडीला २० धरते : बेसन शिजवताना हात थांबवता येत नाही, मग थापणं, कापणं, आणि रश्शाचा मसाला भाजून वाटणं वेगळं. हेही आकडे धरलेलेच.

आता सुटतात : थाळी ५१, चिकन ८०, मासोळी ७०, वडाभात ४७, पाटोडी ६०. नवी सरासरी ६१.६५. आणि पाटोडी, जी मघापर्यंत पझल होती, ती ६० वर येऊन रेषेच्या जरा खाली घसरली. ती आता डॉग.

हे नीट बघा. मजुरी मोजली नाही तेव्हा पुस्तकाचा सल्ला होता : पाटोडी पैसे सोडते, तिला मेनूकार्डावर वरच्या कोपऱ्यात घ्या, वाढप्याला ती सुचवायला सांगा, खप वाढवा. म्हणजे बाईनं आणखी लवकर उठावं. मजुरी मोजली तर सल्ला आहे : काढून टाका. पहिल्या हिशेबात बाई मरते, दुसऱ्यात पाटोडी. दोन्हीत रेडीमेड मसाल्याचं चिकन जिंकतं.

मेनूत मजुरीही धरायला हवी हे सांगणारी मी पहिली नाही. इंग्रजी संशोधनात ही सुधारणा येऊन बराच काळ झाला, आणि आपल्याकडे चांगले शिक्षक ती सांगतातही. पण माझं म्हणणं असं की नुसती ती भर घातल्यानं प्रश्न सुटत नाही, वर दाखवला तसा तो दुसऱ्या बाजूनं चावतो. कारण चौकटीनं एक गोष्ट आधीच पक्की धरलीय : किंमत. पाटोडी १२० लाच का? मजुरीसकट तिचा खरा खर्च ६० होतो. चिकनचा १०० होतो आणि ते १८० ला जातं. पाटोडी १५० केली तर तिचे मजुरी जाऊन ९० सुटतात, चिकनपेक्षा जास्त. मग ती १५० का करत नाहीत? कारण गिऱ्हाईक म्हणतं, "बेसनाचे दीडशे?" हेच गिऱ्हाईक नागपुरात पनीरचे अडीचशे निमूट देतं. बेसन, डाळ, तांदूळ ही ‘घरातली’ वस्तू आणि ते राबणंही ‘घरातलं’, म्हणून दोघांनाही भाव नाही. हा प्रश्न हिशेबाचा कमी आणि प्रतिष्ठेचा जास्त आहे. आणि प्रतिष्ठा कुठून येते? बरीचशी अभ्यासक्रमातून येते.

इथे थोडं मागं जायला हवं. आपल्याकडे हॉटेलचं शिक्षण सुरू झालं ते पंचतारांकित हॉटेलांसाठी नाही. मुंबईची इन्स्टिट्यूट १९५४ साली निघाली ती अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेनं, लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं काढलेली. देशात धान्याची टंचाई होती; तांदूळ-गव्हाला पर्याय म्हणून दुय्यम धान्यं, कंदमुळं लोकांच्या ताटात कशी आणायची हा विचार त्यामागे होता. सरकारी पातळीवर हा सगळा विषय अन्न खात्याच्या अखत्यारीत होता. १९८२ साली नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंट स्थापन झाली आणि हे शिक्षण पर्यटन खात्याकडे गेलं. कासावाना-स्मिथचं पुस्तक आलं तेच साल. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला ते साल फार बोलकं वाटतं. अन्न कोणाला पुरवायचं, इथून सुरू झालेलं शिक्षण, अन्न कोणाला विकायचं या प्रश्नाकडे वळलं.

पुढे अभ्यासक्रमात काय आलं हे हॉटेल मॅनेजमेंटचा कुठलाही विद्यार्थी झोपेत सांगेल. फ्रेंच क्लासिकल मेनूचे अकरा, तेरा, काही पुस्तकांत सतरा कोर्स क्रमानं पाठ. पाच मदर सॉस. एस्कॉफिएची किचन ब्रिगेड. सर्व्हिससाठी डेनिस लिलीक्रॅप आणि जॉन कझिन्स यांचं इंग्लंडमधलं पुस्तक, ज्याची पहिली आवृत्ती १९७१ ची. पुस्तक उत्तम आहे, टेबल कसं मांडायचं हे त्याच्याइतकं स्वच्छ कोणी सांगितलेलं नाही. पण भंडाऱ्याहून नागपूर-पुण्याला शिकायला जाणारी पोरगी ‘मीझाँ प्लास’ म्हणायला शिकते, म्हणजे आधीची सगळी तयारी, चिरणं-वाटणं-मोजणं. आणि तिची आई पहाटे चारला तेच करते तेव्हा त्याला नाव नसतं. ज्याला नाव आहे त्याला पगारपत्रकात ओळ मिळते. हे मी भावनेनं म्हणत नाहीये. स्टँडर्ड रेसिपी कार्डात ‘पूर्वतयारीचा वेळ’ असा रकाना असतो, तो भरला जातो, पण त्या रकान्यातून कॉस्ट शीटकडे जाणारा रस्ताच नसतो. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये राहतात.

आमच्या जिल्ह्यातल्या मालाची पुस्तकातली जागाही बघण्यासारखी आहे. भंडारा म्हणजे धान. चिन्नोर तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सुवासिक, बारीक, उतारा कमी म्हणून महाग. तांदळाच्या धड्यात बासमती असतो, लांब दाण्याचा, सुटा शिजणारा. सुटा शिजणं हाच चांगल्या भाताचा निकष धरला की चिन्नोर आपोआप दुसऱ्या नंबरवर जातो. मऊ, वासाचा, कालवून खायचा भात ही वेगळी आवड आहे, ती कमी प्रतीची नाही, हे त्या धड्यात कुठे येत नाही.

लाखोळी तर थेट गुन्हेगारांच्या यादीत सापडते. अन्नसुरक्षेच्या प्रकरणात भेसळीचा तक्ता असतो : मोहरीत पिवळ्या धोतऱ्याचं बी, हळदीत मेटॅनिल यलो, बेसनात आणि तूरडाळीत लाखोळी, म्हणजे पुस्तकी नाव खेसरी. तक्ता खरा आहे. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खाल्ली तर त्यातल्या विषारी घटकामुळे पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. पण आमच्याकडे ती बांधीत धान उभं असतानाच फेकतात, उरलेल्या ओलीवर येते, नांगरट नाही, पाणी नाही. विषारी घटक कमी असलेले ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे वाण कृषी संशोधकांनी काढले. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. म्हणजे पीक, विष, गरिबी, कायदा आणि संशोधन असं सगळं एका डाळीत आहे. फूड मॅनेजमेंट शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला धडा कोणता द्यायचा? पुस्तकात त्याला तक्त्यातली अर्धी ओळ आहे.

बेव्हरेजचं थोडक्यात. बोर्दोच्या वाईनचं १८५५ चं वर्गीकरण पाठ असतं. नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात वर्धा जिल्हा आहे, तिथे १९७५ पासून दारूबंदी. आणि राज्यात कडक दारू प्यायला वयाची पंचविशी लागते, पदवी त्याआधीच हातात पडते. म्हणजे विद्यार्थी जे शिकतो ते चाखू शकत नाही, ठीक, पुस्तकी ज्ञानही ज्ञानच. पण मोहफूल, जे मार्च-एप्रिलमध्ये अर्ध्या जिल्ह्यात अंगणात वाळत असतं, ते १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं बांधून ठेवलं होतं आणि २०२१ साली राज्य सरकारनं ते गोळा करण्या-बाळगण्यावरची बंधनं सैल केली. हा बदल बेव्हरेजच्या पेपरात यायला हवा होता. मोहाची फक्त दारूच होत नाही हेही.

कोणी म्हणेल, मुलांना नोकरी पंचतारांकितमध्ये करायचीय, त्यांना वडाभात काय कामाचा? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. शैक्षणिक कर्ज काढून शिकणाऱ्या पोराला ट्रेनिंगमध्ये फ्रेंच शब्द आला नाही तर शेफ त्याला ओरडतो, हे वास्तव आहे. फ्रेंच मेनू काढून टाका असं मी म्हणत नाहीये. पण सगळे पंचतारांकितमध्ये टिकत नाहीत. काही जण दोन-तीन वर्षांनी परत येतात, नागझिऱ्याच्या गेटजवळ होमस्टे टाकतात, हायवेला ढाबा घेतात, गोसीखुर्दला पर्यटन वाढेल या आशेवर पवनीत काहीतरी सुरू करतात. तेव्हा हाताशी हीच चौकट असते. तिच्यातून ते घरच्या मेनूकडे बघतात आणि पहिला बळी वडाभाताचा जातो. दुसरा, मासोळीचा. तलावाची मासोळी वर्षभर सारखी मिळत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भरपूर, पावसाळ्यात जवळपास नाही. चौकटीला दर महिन्याचा सारखा मेनू लागतो. मग आंध्रातून बर्फात आलेली मासोळी ठेवतात, कारण ती ‘कन्सिस्टंट’ आहे. मामा तलावाच्या काठावर बसून!

मी प्रबंधात काय करतेय ते सांगते, कारण टीका करून मोकळं होणं सोपं आहे. चार खणांच्या जागी मी एक साधी पट्टी बनवायचा प्रयत्न करतेय : प्रत्येक पदार्थाच्या एका प्लेटमधून, माल गेल्यावर, त्या प्लेटला लागलेल्या एका तासाला किती रुपये पडतात. म्हणजे कामाचा तास हा भाजक. वरच्या आकड्यांत थाळी तासाला ८२५ रुपये देते, चिकन १,०२०, मासोळी ४८०, वडाभात सुमारे ४१२, आणि पाटोडी फक्त २४०. पाटोडी १५० रुपयांना विकली तरी ३३० च. यात सरासरीची रेषा नाही, डॉग नाही. एवढंच दिसतं की कुठल्या पदार्थात बाईचा तास स्वस्तात जातोय, आणि किंमत किती केली की तो मजुरीच्या कितीपट होतो. त्या पट्टीवरही पाटोडी तळाशीच आहे, हे मी लपवत नाही. फरक असा की इथे ‘काढा’ हा एकच सल्ला निघत नाही. थापायचं-कापायचं काम एका वेळी चाळीस प्लेटांचं केलं तर मिनिटं किती उतरतात, मसाला गटानं एकत्र वाटला तर काय होतं, पाटोडी रोज ठेवण्यापेक्षा आठवड्यात दोन दिवस ठेवून किंमत वाढवली तर चालतं का, हे प्रश्न विचारता येतात.

अडचण मोजण्याची आहे. पंचतारांकित किचनमध्ये एक माणूस एकच काम करतो, स्टॉपवॉच लावता येतं. खानावळीत भात चढवलाय, तो होईस्तोवर मसाला वाटला जातो, त्यातच एक जण पाण्याचा जार घ्यायला येतो, मागे पोराचा डबा भरायचाय. या वीस मिनिटांतली पाटोडीची किती? मी वही घेऊन बसते तेव्हा बाया हसतात आणि बेसन ढवळत राहतात. सध्या मी दर पाच मिनिटांनी ‘आत्ता हात कशात आहे’ एवढंच टिपते आणि दिवसाच्या शेवटी त्याची बेरीज करते. पाच मिनिटांचा टप्पा फार मोठा पडतोय असं वाटतंय, पुढच्या फेरीत तीन करून बघणार आहे.